गाणे तिचे, गल्ला कोणाचा?

बचत गटांच्या कोणत्याही प्रदर्शनात जा. पापड, कुरडया, लोणची, मसाले, गोधड्या, कापडी पिशव्या यांची टेबले ओळीने मांडलेली असतात. पाहुणे येतात, फीत कापतात. फीत कापण्यापूर्वी स्वागतगीत होते आणि ते त्याच गटांतल्या बायका म्हणतात. पाहुण्यांना उशीर झाला तर तासभर त्याच बायका माईकवर गाऊन मांडव बांधून ठेवतात. पापडाची किंमत पाकिटावर छापलेली असते. गाण्याची किंमत कुठेच लिहिलेली नसते. संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर पापडाचे किती, मसाल्याचे किती याची वहीत नोंद होते. गाण्याच्या नावाने त्या वहीत पानच उघडलेले नसते.

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी हिवरा आश्रम आणि आसपासच्या मेहकर तालुक्यातल्या गावांत बायकांच्या गटांबरोबर काम करते. या गावांत गाणाऱ्या बायकांना तोटा नाही. एकादशीला रात्रभर टाळ धरणाऱ्या भजनी मंडळातल्या बायका आहेत. चौदा एप्रिलला भीमगीते गाणाऱ्या आहेत. लग्नात हळदीची गाणी म्हणायला ज्यांना मुद्दाम बोलावणे धाडतात अशा म्हाताऱ्या आहेत. यांच्या गाण्यावर कार्यक्रम उभे राहतात. ऐकणारे त्यांना नावाने ओळखतात, पुन्हा बोलावतात, त्यांचे गाणे मोबाईलमध्ये भरून घेतात. म्हणजे ज्याला शहरात ‘चाहते’ म्हणतात तो वर्ग त्यांच्याकडे आहे. नाही ते एवढेच, की त्या चाहत्याने खिशातून पैसे काढून त्यांच्याकडून विकत घ्यावी अशी एकही वस्तू त्यांच्या हातात नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. गाणारीच्या गाण्याच्या वस्तू झाल्या पाहिजेत, त्या तिच्या नावाने विकल्या गेल्या पाहिजेत आणि त्यांचा पैसा तिच्या हातात पडला पाहिजे. हे आजवर घडले नाही याचा दोष एकट्या बाजाराच्या माथी मारून चालणार नाही. स्त्री-चळवळीनेही या प्रश्नाकडे पाठ फिरवली आहे.

हे काही नवे नाही

गाण्याबरोबर वस्तू विकणे ही कोणा परदेशी कंपनीने शोधलेली युक्ती नव्हे. आपल्या संगीत नाटकांच्या थिएटरात नाटकातल्या पदांची छोटी पुस्तके काही आण्यांना विकली जात. प्रेक्षक ती घरी नेत आणि पदे पाठ करीत. पंढरपूर-आळंदीच्या गल्ल्यांत टाळ, चिपळ्या, वीणा, तुळशीमाळा आणि अभंगांच्या पोथ्या पिढ्यान् पिढ्या विकल्या जात आहेत. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीच्या तालावर गावोगाव पोचली, तशी भजनांची पुस्तके आणि ग्रामगीताही पोचली. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि दादरच्या चैत्यभूमीवर दर वर्षी पुस्तकांबरोबर भीमगीतांच्या चोपड्या, कॅसेट, पुढे सीडी यांची दुकाने लागत आली. आपल्या जिल्ह्यात सिंदखेड राजाला १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवात पुस्तकांचे केवढे स्टॉल असतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आपला समाज गाणे विकत घेतो आणि आनंदाने घेतो. प्रश्न आहे तो या विक्रीत बाई नेमकी कुठे उभी असते हा.

बालगंधर्वांचे उदाहरण घ्या. १८८८ ते १९६७ हा त्यांचा काळ. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा थोर गायक नट. ते लुगडे कसे नेसतात, दागिने कोणते घालतात, गजरा कसा माळतात याचे अनुकरण पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतल्या बायका करू लागल्या. म्हणजे एका पुरुषाने उभी केलेली बाई घरंदाज बायकांना चालली, तिच्या पाठोपाठ कापडाचा आणि दागिन्यांचा बाजार चालला. त्याच काळात खरोखरीची बाई रंगमंचावर गायला उभी राहिली की तिचे घराणे आणि चारित्र्य काढले जाई. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती हे यावरून कळेल. तिकीट लावणे म्हणजे बाईने आपल्या गाण्याची किंमत चारचौघांत सांगणे. समाजाला तिचे गाणे खुपत नव्हते. तिने किंमत सांगितलेली खुपत होती.

त्याआधीची गोष्ट गौहर जानची. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने तिचे गाणे ध्वनिमुद्रित केले. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या तबकड्यांमध्ये तिच्या तबकड्या आहेत. गाण्याच्या शेवटी ती इंग्रजीतून आपले नाव उच्चारत असे. तिचे चित्र पोस्टकार्डांवर आले, ऑस्ट्रियात बनलेल्या काड्यापेट्यांवरही आले. घरोघरी चूल पेटवायला गौहर जानच्या चित्राची काडेपेटी होती. पण गाणाऱ्याच्या आवाजावर आणि सादरीकरणावर त्याचा स्वतःचा काही हक्क असतो, हे मानणारा कायदाच तेव्हा आपल्याकडे नव्हता. १९३० साली म्हैसूरला ती वारली तेव्हा पूर्वीचे वैभव उरले नव्हते.

आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर? तमाशाची ही सम्राज्ञी. राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा सन्मान झाला. बाळंत होऊन पुन्हा फडावर उभी राहिलेली बाई म्हणून तिची कथा आपण भाषणांतून सांगतो. २००२ साली ती गेली, त्याआधी आजारपणाच्या खर्चासाठी तिला लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. आज राज्य शासन तिच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. नाव मोठे झाले, पुरस्कार झाला. पण त्या नावाची एक चोपडी, एक तबकडी, एक चित्र असे काही जन्मभर तिच्या मालकीचे असते आणि त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला येत असते, तर म्हातारपण असे गेले असते का?

कॅसेटपासून मोबाईलपर्यंत

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गावातला आवाज बाजारात आला. लोकगीते, भक्तिगीते, भीमगीते, लावण्या सगळे निघाले. गाणाऱ्याला बहुधा एकदाच ठोक रक्कम मिळे, पुढच्या खपाचा पैसा कंपनीचा. मग सीडी आली, मग मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी ‘भरून’ मिळू लागली. आता तर कोणताही कार्यक्रम संपायच्या आत त्याची चित्रफीत यूट्यूबवर चढलेली असते.

छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात हातात एकतारी घेऊन भीमगीते गात दारोदार फिरत. कोणी तरी मोबाईलवर टिपलेल्या त्यांच्या गाण्यांनी त्यांचा आवाज महाराष्ट्रभर नेला. दलित, गरीब, एकट्या बाईचा आवाज कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता लाखो लोकांपर्यंत पोचतो ही गोष्ट लहान नाही. पण आवाज ज्या वाटेने जातो त्याच वाटेने पैसा आपोआप परत येत नाही. चित्रफीत ज्याच्या खात्यावरून चढते, जाहिरातीचा वाटा त्याच्या खात्यावर जमा होतो. आमच्या भागात मंडपवाला, साउंडवाला, शूटिंगवाला यांचे स्वतःचे चॅनल असतात. गाणाऱ्या आठ-दहा बायकांपैकी किती जणींचे असते?

मी एका मंडळातल्या मावशींना विचारले, “मावशी, तुमच्या गाण्यांचं पुस्तक काढून विकूया का?” त्या म्हणाल्या, “ताई, गानं का इकाची चीज हाय? लोकं काय म्हनतीन?” या दोन वाक्यांत आपला सगळा प्रश्न आला. त्यांना गाणे विकायची लाज वाटते. त्यांचे गाणे दुसरा विकतो, त्याला वाटत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप भक्तीच्या बाजूने येतो. ‘देवाचे नाव विकू नये. तुकोबांनीच हरिकथा विकणाऱ्यांना खडसावले आहे.’ खरे आहे. पण मग हा नियम सर्वांना लावा. नामवंत कीर्तनकारांची बिदागी हजारांत ठरते. मंडपाचे, लाउडस्पीकरचे, जनरेटरचे, आचाऱ्याचे पैसे चोख मोजले जातात. कोणी त्यांना म्हणत नाही की देवाचे काम आहे, फुकट करा. फुकटाची अपेक्षा फक्त टाळ वाजवणाऱ्या बायकांकडून असते. त्यांना मिळतो नारळ आणि ब्लाउजपीस. ज्या दिवशी बाईने भजनाला जायचे असते, त्या दिवसाची तिची मजुरी बुडते हे कोणी मोजत नाही. शिवाय ती विकणार आहे ते कागद, कापड आणि आपले श्रम. देव कोणी पिशवीत घालून देत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच मैत्रिणींचा. त्या म्हणतात, ‘बाजार बाईच्या देहाची वस्तू करतो, आपण जाहिरातींविरुद्ध मोर्चे काढले. आता आपणच बायकांना स्वतःचे चित्र छापून विकायला शिकवायचे?’ हा आक्षेप मला गंभीर वाटतो. लावणी करणाऱ्या बाईचे चित्र पोस्टरवर कसे छापले जाते, तिच्या चित्रफितीला कसले मथळे दिले जातात हे आपण रोज पाहतो. पण तिथे चित्र कोणते, मथळा कोणता, किंमत काय हे तिने ठरवलेले नसते. वस्तू तिची नसते, म्हणून ती स्वतःच वस्तू होते. चोपडीवर कोणता फोटो छापायचा, की फोटो छापायचाच नाही, हे जिथे दहा बायका बसून ठरवतात तिथे बाजाराशी त्यांचे नाते बदलते. बाजार नको म्हणून आपण घरी बसलो तर बाजार थांबत नाही. तो आपल्याशिवाय आपल्याच गाण्यावर चालतो.

हे फक्त गरीब गायिकांचेच आहे असेही नाही. अमेरिकेतली टेलर स्विफ्ट ही जगातल्या सर्वांत श्रीमंत गायिकांपैकी एक. २०१९ साली तिच्या पहिल्या सहा अल्बमांच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी तिला बाजूला ठेवून विकली गेली. तिने २०२१ ते २०२३ या काळात त्यांपैकी चार अल्बम नव्याने गाऊन काढले आणि श्रोत्यांनी तिचे नाव लावलेले नवे अल्बम उचलून धरले. २०२५ मध्ये तिने मूळ ध्वनिमुद्रणेही विकत घेतली. तिच्याकडे वकील होते, पैसा होता. तरीही खरे बळ एकच होते, ते म्हणजे ऐकणारा कंपनीशी नव्हे, गाणारीशी बांधलेला असतो. हे बळ मेहकर तालुक्यातल्या मंडळाकडेही आहे.

तिसरा आक्षेप घरातून येतो आणि तो बोलून दाखवला जात नाही. बाई गाते तोवर घराला हरकत नसते. तिच्या गाण्याचा पैसा येऊ लागला की नवरा किंवा मुलगा ‘व्यवहार’ पाहायला पुढे येतो. आज टेबलावर रोख गल्ला क्वचितच असतो, मोबाईलने पैसे घेण्याचा स्कॅनर असतो. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी प्रदर्शनाला जाल तेव्हा टेबलामागे कोण बसले आहे एवढेच पाहू नका. तो स्कॅनर कोणाच्या खात्याला जोडलेला आहे तेही विचारा. पापडाच्या टेबलावरसुद्धा उत्तर ऐकून दचकाल.

कायदा काय म्हणतो

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कला सादर करणाऱ्याचा हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी भक्कम झाला. सादर करणारा म्हणजे कोण, याच्या व्याख्येत गायक, वादक, नट, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी आणि भाषण देणारासुद्धा आहे. भजन गाणारी बाई त्यात बसते, त्यासाठी तिला कोणत्या पदवीची गरज नाही. तिच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण करायला आणि ते बाजारात आणायला तिची संमती लागते. हा हक्क पन्नास वर्षे टिकतो. चित्रपटासाठी तिने लेखी संमती दिली तरीही तिच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास मानधनाचा वाटा, म्हणजे रॉयल्टी, मागता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे गाणे गाणारी मी आहे, माझे नाव लावा, असे सांगण्याचा हक्क कायद्याने तिला दिला आहे.

गाणे तिने स्वतः रचले असेल तर ती कवयित्री आहे. तिच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे त्या शब्दांवर तिचा आणि तिच्या वारसांचा हक्क राहतो. मात्र हाच कायदा आपल्यालाही लागू आहे हे विसरू नका. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग कोणीही छापू शकते. तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ साली झाले, म्हणजे साठ वर्षांच्या हिशेबाने त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. त्यांची भजने पुस्तकात घ्यायची तर परवानगी मागितली पाहिजे. आणि सिनेमाच्या चालीवर बसवलेले भजन ध्वनिमुद्रित करून विकायला जाल तर चाल दुसऱ्याची आहे. आपल्या मंडळांत अशी भजने पुष्कळ असतात. विक्रीसाठी आपल्या जुन्या चाली, आपल्या ओव्या, आपले शब्द निवडा. तेच आपले भांडवल आहे.

काय विकावे, कसे विकावे

शहरात गायक टी-शर्ट, कप, टोप्या विकतात. आपल्याला त्याची नक्कल करायची गरज नाही. बायका ज्या वस्तू आधीच विकत घेतात, त्यांत गाणे घालायचे आहे.

सर्वांत आधी गाण्याची चोपडी. एका मोठ्या कागदाच्या घडीत सोळा पाने निघतात, अशा दोन घड्यांत बत्तीस पानांचे खिशात मावणारे पुस्तक होते. त्यात प्रत्येक गाण्याखाली गाणारीचे आणि गावाचे नाव हवे. मागच्या बाजूला चौकोनी क्यूआर कोड छापला की मोबाईल धरल्यावर तेच गाणे तिच्या आवाजात ऐकू येते. तो मंडळाच्या स्वतःच्या चॅनलकडे नेणारा हवा, शूटिंगवाल्याच्या नव्हे.

हिशेब मांडून पाहा. समजा ५०० प्रती छापल्या, प्रतीला १२ रुपये खर्च आला, म्हणजे ६,००० रुपये. किंमत ३० रुपये ठेवली तर २०० प्रती विकल्यावर खर्च निघतो. सगळ्या प्रती स्वतःच्या टेबलावर विकल्या तर ९,००० रुपये उरतात, दहा जणींना प्रत्येकी ९००. त्याच प्रती दुकानदाराला तीस टक्के सवलतीने दिल्या तर उरतात फक्त ४,५००. निम्मा नफा टेबलासोबत गेला! म्हणून मी पुन्हा पुन्हा टेबलाची गोष्ट करते. आणि ३०० प्रतीच खपल्या तर उरतात ३,०००, म्हणून पहिल्या खेपेला थोड्याच प्रती छापा, प्रतीमागे खर्च जरा जास्त पडला तरी चालेल. घरात पडून राहिलेले गठ्ठे बायकांचा धीर खचवतात.

दुसरी वस्तू संक्रांतीचे वाण. जानेवारीत बायका डझनाने छोट्या वस्तू विकत घेतात आणि एकमेकींना देतात. बाईने बाईसाठी करायची एवढी मोठी खरेदी वर्षात दुसरी नसेल. प्लास्टिकचे डबे आणि चमचे देण्यापेक्षा गाण्याची चोपडी, ओवी भरतकामात काढलेली रुमालाएवढी पिशवी, छोट्या चिपळ्या का नकोत? यात एक गोष्ट आवर्जून करायची. भजनी मंडळांत कितीतरी विधवा बायका असतात. त्यांच्या गळ्यावर मंडळ चालते आणि हळदीकुंकवाला मात्र त्यांना बोलावले जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, पाठोपाठ शासनानेही परिपत्रक काढले. ठराव कागदावर न राहता घरात उतरवायचा तर तिच्या गाण्याचे वाण तिच्याच हातून वाटले जाऊ द्या.

तिसरी वस्तू दिनदर्शिका. तिथी, एकादशी पाहायला प्रत्येक घरात ती टांगलेली असते. बारा महिन्यांच्या बारा ओव्या, बारा गाणाऱ्या आणि त्यांची नावे. वर्षभर भिंतीवर बाईचे नाव राहील आणि तेही घराच्या पाटीवर नसलेले.

विक्रीच्या जागा आपल्या आजूबाजूलाच आहेत. हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाला लाखो माणसे येतात आणि पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून नेऊन त्यांना शिस्तीत वाढला जातो. ज्या परिसरातले सेवेकरी एवढी मोठी पंगत उठवतात, त्या परिसरातल्या बायकांना एक टेबल चालवणे अवघड नाही. सिंदखेड राजा आहे, शेगाव आहे, मेहकरचा बालाजी आहे, तालुक्याचे आठवडी बाजार आहेत.

या वस्तूंचा आणखी एक उपयोग आहे. राज्यात वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे. अर्ज करताना कलेच्या क्षेत्रात इतकी वर्षे काम केल्याचे पुरावे मागतात. पुरुष शाहिराकडे पत्रिका, कात्रणे, प्रशस्तिपत्रके असतात. चाळीस वर्षे गाणाऱ्या आजीकडे फक्त तिचा गळा असतो आणि गळा अर्जाला जोडता येत नाही. नाव आणि साल छापलेली चोपडी जोडता येते.

नाव घ्या

जनाबाईने आपल्या अभंगांच्या शेवटी आपले नाव ठेवले, म्हणून सातशे वर्षांनंतर ती गाणी कोणाची हे आपण सांगू शकतो. सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’ स्वतःच्या नावाने छापले. उलट शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचे शब्द १९५१ साली त्या गेल्यानंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आले. ज्यांचे आलेच नाहीत अशा किती बहिणाबाई आपल्या गावांतून गेल्या असतील! हेमा राइरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या २०१७ पासून इंटरनेटवर गाणारीचे नाव आणि गाव यांसह प्रसिद्ध होत आहेत. म्हणजे ‘पारंपरिक’ या एका शब्दात गुंडाळलेल्या बायकांची नावे शोधता येतात, लिहिता येतात. फक्त तशी इच्छा हवी.

ही इच्छा आपल्या संघटनांनी दाखवली आहे का? ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली आले, तेव्हापासून स्त्री-चळवळ गाण्यांवर चालली आहे. शिबिर गाण्याने सुरू होते, मोर्चा गाण्याने पुढे सरकतो. तरी आपल्या गाण्यांच्या पुस्तिका उघडून पाहा. नामवंत कवींची नावे खाली असतात आणि खेड्यातल्या बाईने शिबिरात रचलेल्या गाण्याखाली ‘चळवळीतील गीत’ किंवा काहीच नाही. व्याख्यात्याला प्रवासखर्च आणि मानधन, गाणाऱ्या मंडळाला शाल आणि टाळ्या. हे शोषणच आहे. आपण केले म्हणून त्याचे नाव बदलत नाही.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत आणि त्या शासनाकडे नाहीत, आपल्या संघटनांकडे आहेत. एक, नावाशिवाय एकही गाणे छापायचे नाही. दोन, गाणाऱ्या मंडळाचे मानधन कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहायचे. तीन, ध्वनिमुद्रण करण्याआधी एका पानाचा मराठी करार करायचा, वाचून दाखवायचा आणि त्याची प्रत गाणारीकडे ठेवायची. चार, प्रत्येक परिषदेत, प्रत्येक आठ मार्चला गाण्याचे टेबल दारातच लावायचे, त्यामागे गाणारी बसेल आणि स्कॅनर मंडळाच्या किंवा तिच्या स्वतःच्या खात्याचा असेल.

आपल्याकडे लग्नात बाईला नाव घ्यायला लावतात. ती गोड उखाणा रचते आणि त्यात नाव घेते नवऱ्याचे. शब्द तिचे, यमक तिचे, नाव दुसऱ्याचे. गौहर जानने तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव घेतले त्याला सव्वाशे वर्षे होत आली. येत्या आठ मार्चला आपल्या मंचावर जी गाणार आहे, तिला गाणे संपल्यावर आपले आणि गावाचे नाव माईकवरून घ्यायला सांगा. मग तिच्या टेबलावर जा, चोपडी घ्या आणि पूर्ण किंमत द्या. सवलत मागू नका.